तालुक्याच्या गावात ‘कॅसिनो रॉयल’: अंधार, आवाज आणि एक हजेरीपत्रक

२००६ सालचा जेम्स बाँडचा चित्रपट ‘कॅसिनो रॉयल’ दाखवायला सोपा वाटतो. मारामारी आहे, पाठलाग आहे, मुलं आपोआप बसतील असं आयोजक धरून चालतात. मुलं बसतातही. पण बाहेर पडताना ‘फाइट भारी होती’ एवढंच बोलतात, आणि चाळीस वर्षांचा जुना नायक या चित्रपटानं मुळापासून पुन्हा कसा घडवला, ते कुणाच्याच हाती लागलेलं नसतं.

याची दोन कारणं आहेत. पहिलं असं की या चित्रपटाची ताकद तो काय दाखवतो यापेक्षा काय रोखून धरतो यात आहे. रोखलेलं काय ते कळायला जुना बाँड माहीत असावा लागतो. उदगीर, सेलू किंवा अंबाजोगाईच्या कॉलेजातल्या वीस वर्षांच्या मुलानं तो पाहिलेला असेलच असं नाही. दुसरं कारण साधं आहे. चित्रपटाची सुरुवात कृष्णधवल आणि गडद आहे. खिडकीच्या फटीतून उजेड येणाऱ्या हॉलमध्ये पडद्यावर नुसती राखाडी धूळ दिसते. या दोन गोष्टींची सोय केली की बाकीचं काम चित्रपट स्वतः करतो.

पुढची सगळी मापं ४० ते ६० प्रेक्षकांसाठी आहेत: कॉलेजचं नाट्य किंवा चित्रपट मंडळ, सार्वजनिक वाचनालयाचं सभागृह, फार तर छोटं मंगल कार्यालय. आयोजकाला कथा आधीच माहीत असायला हवी, म्हणून शेवटासकट सगळं उघड लिहिलं आहे.

आधी आयोजकानं काय माहीत करून घ्यावं

इयन फ्लेमिंग यांची ‘कॅसिनो रॉयल’ ही कादंबरी १९५३ची, जेम्स बाँडची पहिली. मुख्य चित्रपटमालिका मात्र १९६२ साली ‘डॉक्टर नो’पासून सुरू झाली आणि २००२पर्यंत वीस चित्रपट झाले. पहिल्या कादंबरीचे हक्क दुसरीकडे अडकलेले असल्यामुळे ती कथा मालिकेत येऊ शकत नव्हती. १९९९ साली हक्क मोकळे झाले. दरम्यान २००२चा ‘डाय अनदर डे’ अदृश्य होणारी गाडी आणि संगणकानं काढलेल्या लाटेपर्यंत गेला होता. त्याच्या पुढे आणखी मोठं काही करायला जागा उरली नव्हती. निर्माते बार्बरा ब्रॉकली आणि मायकल विल्सन मागे वळले. बाँड या ब्रिटिश गुप्तहेराला नुकताच ‘डबल ओ’, म्हणजे मारण्याचा परवाना असलेला, हुद्दा मिळतोय, तो उतावळा आहे, चुका करतो, अशा जागेपासून त्यांनी कथा सुरू केली. नायक नवा, डॅनियल क्रेग. दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेल, ज्यांनी १९९५च्या ‘गोल्डनआय’मधून पिअर्स ब्रॉस्ननचा बाँडही आणला होता. पटकथा नील पर्व्हिस, रॉबर्ट वेड आणि पॉल हॅगिस यांची.

एवढं पुरे. यापेक्षा जास्त इतिहास प्रेक्षकांना सांगू नका.

परवानगी

घरी पाहायला घेतलेली डिस्क किंवा ओटीटीची वर्गणी सार्वजनिक खेळासाठी चालत नाही. कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम ५२मध्ये शिक्षणसंस्थांना सवलत आहे. संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून चित्रपट दाखवला आणि प्रेक्षक विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी जोडलेली माणसं एवढेच असले, तर हक्कभंग होत नाही. म्हणून कॉलेजनं दाखवायचा तर प्राचार्यांच्या सहीची सूचना काढा, हजेरी घ्या, आणि चौकात फ्लेक्स लावून ‘सर्वांना प्रवेश’ लिहू नका. वाचनालय किंवा नाट्यमंडळ शिक्षणसंस्थेत मोडत नाही. त्यांनी वितरण हक्क ज्या कंपनीकडे असतील तिची लेखी परवानगी आणायची, आणि त्यासाठी महिनाभर आधी पत्र पाठवायचं. प्रमाणपत्र कोणत्या वर्गाचं आहे ते तुमच्या प्रतीवर पाहून घ्या. चित्रपटात नायकाच्या छळाचा लांब प्रसंग आहे, त्यामुळे प्रमाणपत्र काहीही असो, शाळेच्या मुलांसाठी हा खेळ ठेवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

तारीख आणि वेळ

एप्रिल-मे टाळा. उकाडा माणसं सोसतील, प्रोजेक्टर सोसत नाही. बहुतेक प्रोजेक्टर ३५ ते ४० अंशांपर्यंतच चालवायचे असतात, आणि पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात संध्याकाळी सातलाही तेवढी उष्णता साठलेली असते. मशीन तापलं की पंखा घोंघावतो, मग तांबडा दिवा लागतो आणि ऐन पत्त्यांच्या डावात पडदा काळा होतो. डिसेंबर-जानेवारी उत्तम. लातूरकडे डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, मेमध्ये जवळजवळ सातला. उघड्या पटांगणात दाखवायचा तर सूर्यास्तानंतर पाऊण तास थांबावंच लागतं.

चित्रपट १४४ मिनिटांचा आहे. वीस मिनिटं प्रास्ताविक, पंधरा मिनिटं मध्यंतर. साडेसहाला सुरू केलं तर साडेनऊ वाजतात. आसपासच्या गावांतून मुलं येत असतील तर शेवटची एसटी किती वाजता आहे ते आधी विचारा आणि त्यावरून उलटा हिशेब करा. शेवटचा प्रसंग सोडून मुलं उठून गेली तर सगळा खटाटोप फुकट, कारण या चित्रपटाची किल्ली अगदी शेवटच्या मिनिटात आहे. चर्चा त्याच रात्री ठेवू नका. दुसऱ्या दिवशी ठेवा.

पडदा आणि अंधार

चित्र २.३९ ला १ या मापाचं आहे, म्हणजे रुंद आणि बुटकं. प्रोजेक्टर बहुधा १६ ला ९. पडदा दहा फूट रुंद असेल तर प्रोजेक्टर ५ फूट साडेसात इंच उंच चौकट टाकेल, आणि त्यात खरं चित्र ४ फूट २ इंच एवढंच असेल. वर आणि खाली साडेआठ इंचांच्या रिकाम्या पट्ट्या उरतात. साध्या प्रोजेक्टरवर त्या काळ्या दिसत नाहीत, करड्या दिसतात, आणि चित्रातला काळाही त्यांच्यामुळे फिका वाटतो. त्या पट्ट्यांवर काळं कापड ताणून लावा. मंडप डेकोरेशनवाल्याकडे काळी झालर असते. चमकणारं सॅटिन घेऊ नका, जाडं सुती घ्या. दीडशे-दोनशे रुपयांच्या कापडानं चित्रात जो फरक पडतो, तो दुप्पट किमतीच्या प्रोजेक्टरनंही पडत नाही.

पडदा म्हणून बेडशीट टांगायची पद्धत आहे. त्यातून अर्धा उजेड मागे निघून जातो आणि वाऱ्यानं चित्र डोलतं. त्यापेक्षा मॅट पांढरा रंग दिलेली सपाट भिंत चांगली. ऑइल पेंटची भिंत नको, मधोमध चकाकी येते.

आता उजेडाचा हिशेब. सिनेमागृहात पडद्याच्या उजळपणाचं प्रमाण १४ फूट-लँबर्ट मानतात. दहा फुटी पडद्याचं क्षेत्रफळ ५६ चौरस फूट, म्हणजे साधारण ७९० ल्युमेन पुरतात. कॉलेजच्या प्रोजेक्टरवर ३००० लिहिलेलं असतं. सिनेमा मोडमध्ये आणि जुन्या दिव्यावर त्यातले हजार-बाराशे उरले तरी काम भागतं. थोडक्यात, उजेड कमी पडत नाही, अंधार कमी पडतो. रिमोटवर ‘डायनॅमिक’ किंवा ‘प्रेझेंटेशन’ असेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ करा. चित्र मंद वाटेल. डोळे पाच मिनिटांत सरावतात.

खिडक्यांना वर्तमानपत्र चिकटवून भागत नाही, त्यातून रस्त्यावरचा दिवा झिरपतो. वाकळा टांगा. जाड वाकळ उजेड अडवते आणि आवाजाचा घुमाराही पिते, हा दुहेरी फायदा आहे. दाराच्या आत चार फुटांवर दुसरा पडदा लावा, म्हणजे कुणी आत-बाहेर केलं तरी उजेडाचा पट्टा पडद्यावर येत नाही. तपासणी अशी करा: प्रोजेक्टर बंद ठेवून हॉलमध्ये उभं राहा. तीन मिनिटांनी स्वतःच्या हाताची बोटं मोजता आली तर अजून फट आहे.

प्रोजेक्टरचं अंतर त्याच्या थ्रो रेशोवर, म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी यावर, ठरतं. रेशो १.५ असेल तर दहा फुटी चित्रासाठी १५ फूट, शॉर्ट थ्रो ०.५ असेल तर ५ फूट. चित्र तिरकं आलं की लोक कीस्टोनचं बटण दाबतात. दाबू नका, बारीक अक्षरं फाटतात आणि इथे इंग्रजी सबटायटल वाचायची आहेत. टेबलाखाली विटा घालून मशीनच योग्य उंचीवर आणा. प्रेक्षक सतरंजीवर बसणार असतील तर चित्राची खालची कड जमिनीपासून तीन फूट, खुर्च्या असतील तर चार फूट. पहिली रांग पडद्यापासून बारा फुटांवर. खेळाच्या आदल्या दिवशी प्रोजेक्टरची जाळी काढून झटका. परभणी-जालन्याकडे जिनिंगच्या हंगामात तिच्यावर कापसाची लव बसलेली असते, आणि मशीन तापण्याचं अर्धं कारण तेच असतं.

आवाज

चित्र बिघडलं तर लोक ओरडून सांगतात. आवाज बिघडला तर काही सांगत नाहीत, फक्त कंटाळतात. या चित्रपटाला उत्कृष्ट ध्वनीसाठी बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला आहे. त्यात शांतता, श्वास, चिप्सचा खडखडाट यांनाही ठोशांइतकंच मोल आहे.

सगळ्यात जास्त घडणारा घोटाळा असा: संगीत आणि गोळ्या दणदणीत ऐकू येतात, संवाद मात्र विहिरीतून आल्यासारखे. स्पीकर खराब नसतो. चित्रपटाचा आवाज ५.१, म्हणजे सहा वेगळ्या चॅनलांचा, असतो आणि संवाद बहुतांशी मधल्या चॅनलवर असतात. लॅपटॉपनं फक्त डावं-उजवं बाहेर पाठवलं की मधलं हरवतं. प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये आउटपुट ‘स्टीरिओ’ करा, म्हणजे मधला चॅनल दोन्हीकडे मिसळला जातो. दुसरा घोटाळा, एचडीएमआय लावल्यावर आवाज प्रोजेक्टरच्या पोटातल्या इवल्याशा स्पीकरमधून येतो. लॅपटॉपच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन हेडफोनची पिन निवडा आणि तिथून मिक्सरला वायर द्या. तिसरा, सतत ‘हूंऽऽ’ असा गुणगुणाट. लॅपटॉपचा चार्जर आणि मिक्सर वेगवेगळ्या बोर्डांवर असले की हे होतं. दोन्ही एकाच बोर्डवर घ्या. तरी राहिला तर साउंडवाल्याकडून डीआय बॉक्स मागून घ्या.

भोंगा अजिबात नको. त्यात खर्ज नसतो. बारा किंवा पंधरा इंची दोन पॉवर्ड स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, पाच-सहा फुटांवर, किंचित आत वळवून. मागे ठेवू नका. पडद्यावरचा माणूस पाठीमागून बोलला तर मन बसत नाही. मागच्या भिंतीवर वाकळा, जमिनीवर सतरंज्या. पत्र्याचं छत असेल तर मध्ये दोन-तीन कापडी छतं झुलवा. आवाजाची पातळी आगगाडीतल्या संवादावर ठरवा, पाठलागावर ठरवू नका. संवाद शेवटच्या रांगेत स्पष्ट आला की तो आकडा टेपनं चिकटवून टाका, मग कुणी कितीही ‘वाढव’ म्हणो.

हिंदी डबिंग हाती लागलं तरी मूळ इंग्रजीच लावा. क्रेगच्या बाँडचं तुटक, आखूड बोलणं हाच त्याच्या घडणीचा अर्धा भाग आहे. सबटायटल इंग्रजी ठेवा आणि प्रत्येकाला मराठीत एक पानी कथासार द्या, पण ते व्हेनिसच्या भागाला सुरुवात होते तिथवरच.

लाईट गेली तर

जाणारच असं धरून तयारी करा. प्रोजेक्टर ३०० वॅट, लॅपटॉप ६०, दोन स्पीकर आणि मिक्सर मिळून सरासरी २००-२५०. एकूण ६०० धरा. तीन तासांना १८०० वॅट-तास लागतात. घरगुती इन्व्हर्टरची १५० एएचची एक बॅटरी कागदावर नेमकी १८०० वॅट-तासांची, पण प्रत्यक्षात त्यातले हजारेक मिळतात, म्हणजे पावणेदोन तासांच्या आत ती बसते. लाईट अर्धा तास जाण्याची भीती असेल तर एक बॅटरी पुरे. भारनियमनच असेल तर दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर किंवा दोन केव्हीएचा जनरेटर, आणि तो हॉलपासून पन्नास फूट लांब, भिंतीच्या पलीकडे.

इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ मोड असतो, तो लावा. दुसऱ्या मोडमध्ये बदलायला क्षणभर जास्त लागतो, तेवढ्यात प्रोजेक्टर बंद पडतो, आणि दिव्याचा प्रोजेक्टर गार झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. पाच मिनिटं जातात. शिवाय पंखा अचानक थांबल्यानं दिव्याचं आयुष्य घटतं. म्हणून प्रोजेक्टरला स्वतंत्र छोटा यूपीएस द्यावाच. एचडीएमआय केबल दहा मीटरपेक्षा लांब असेल तर चित्र लुकलुकतं. लॅपटॉप प्रोजेक्टरजवळ ठेवा आणि आवाजाची वायर लांब न्या, ती लांबीला दाद देते.

हजेरीपत्रक

आता मुख्य गोष्ट. तमाशाचा क्रम आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे: गण, गवळण, बतावणी, वग. माळेगावच्या जत्रेत एखाद्या फडानं गण न म्हणता थेट वगाला हात घातला तर पुढे बसलेला म्हातारा लगेच मान वर करील. काहीतरी चुकतंय किंवा काहीतरी वेगळं चाललंय, हे त्याला सांगावं लागत नाही. ‘कॅसिनो रॉयल’ नेमका असा गण गाळून सुरू होतो. प्रास्ताविकाच्या वीस मिनिटांत प्रेक्षकांना त्या म्हाताऱ्याच्या जागी बसवायचं आहे.

ए-४ कागद, उभे तीन रकाने: ‘जुनी सवय’, ‘आली का, केव्हा?’, ‘कुठून आली?’ पहिल्या रकान्यात या आठ ओळी छापा.

बंदुकीच्या नळीतून दिसणारा बाँड, जो चित्रपटाच्या अगदी आरंभी येतो. बाँडची प्रसिद्ध धून. नवनवी यंत्रं देणारा क्यू. साहेबांच्या दारातली चिटणीस मनीपेनी. ऍस्टन मार्टिन गाडी. ढवळलेली नव्हे, हलवलेली मार्टिनी. अंगाला चपखल बसलेला काळा डिनर सूट. आणि ‘बाँड, जेम्स बाँड’.

प्रत्येक सवयीबद्दल दोन वाक्यं सांगा: १९६२पासून ती कशी यायची आणि प्रेक्षक तिची कशी वाट पाहायचे. उत्तरं सांगू नका. कागदाखाली पुठ्ठा आणि पेन्सिल द्या. मोबाइलच्या उजेडात लिहायचं नाही, अंदाजानं खूण करायची आणि मध्यंतरात नीट लिहायचं.

आयोजकासाठी उत्तरं अशी. नळीचं दृश्य येतं, पण सुरुवातीला नाही. प्रागमधल्या कृष्णधवल प्रसंगात बाँडचे पहिले दोन खून दिसतात, एक न्हाणीघरात झटापट करून, दुसरा कार्यालयात थंडपणे. न्हाणीघरातला मेलेला वाटणारा माणूस बंदूक उचलतो, बाँड वळून गोळी झाडतो, आणि ते दृश्य तिथं जन्मतं. आजवर जी नुसती सजावट होती तिला कारण मिळालं. क्यू आणि मनीपेनी येतच नाहीत. गाडीचं पाहा: बहामात तो साध्या फोर्डमधून येतो, एक पाहुणा त्याला हॉटेलचा गाडी लावणारा पोऱ्या समजतो, आणि १९६४ची ऍस्टन मार्टिन डीबी५ तो पत्त्यांत जिंकतो. सूट व्हेस्पर देते, म्हणजे बाँडला खेळायला सरकारी पैसे घेऊन आलेली अर्थखात्याची अधिकारी, तिनं नुसत्या नजरेनं माप घेतलेलं असतं. मार्टिनीचं उत्तर सगळ्यात बोलकं आहे. पैसे हरून तो बारवर येतो, बारवाला विचारतो हलवून की ढवळून, आणि बाँड उलट विचारतो, मला त्याची पर्वा आहे असं वाटतं का? धून अधूनमधून दोन-चार सुरांनी डोकावते, पूर्ण वाजत नाही. नाव आणि पूर्ण धून शेवटच्या दृश्यात एकत्र येतात.

म्हणजे तिसरा रकाना भरला की दिसतं: हा माणूस बाँड म्हणून आलेला नाही. एक-एक वस्तू कुणाकडून तरी मिळत, जिंकत, गमावत तो बाँड होतो. ही गोष्ट व्याख्यानातून सांगितली तर विसरली जाते. स्वतःच्या पेन्सिलीनं भरली तर राहते.

पत्त्यांचा तास

चित्रपटाचा मधला मोठा भाग पोकरच्या टेबलावर आहे. कादंबरीत बॅकरा होता, चित्रपटात टेक्सस होल्डेम घेतला. नियम माहीत नसतील तर तो भाग रटाळ होतो. आदल्या दिवशी चाळीस मिनिटं द्या. पैसे लावायचे नाहीत, एक रुपयाही नाही. जुगार प्रतिबंधक कायदा १८८७पासून आहे आणि कॉलेजात त्याची चर्चा ओढवून घेऊ नये. चिंचोके घ्या, प्रत्येकाला वीस.

प्रत्येकाला दोन पत्ते झाकून. मग टेबलावर सगळ्यांसाठी उघडे तीन, मग एक, मग एक. दर टप्प्याला बोली. हातातले दोन आणि टेबलावरचे पाच मिळून सातांतून उत्तम पाच निवडायचे.

इथे एक अडचण हमखास येते. आपल्या मुलांना तीनपत्ती येते, आणि तिचा क्रम डोक्यात पक्का असतो. तीनपत्तीत सिक्वेन्स हा कलरपेक्षा मोठा आणि तीन सारखे पत्ते सर्वांत मोठे. होल्डेममध्ये कलर सिक्वेन्सपेक्षा मोठा आणि तीन सारखे बरेच खाली. फळ्यावर खालून वर असं लिहा: एकटा मोठा पत्ता, एक जोडी, दोन जोड्या, तीन सारखे, सिक्वेन्स, कलर, फुल हाउस म्हणजे तीन अधिक दोन, चार सारखे, आणि सगळ्यांवर एकाच रंगाचा सिक्वेन्स.

मग चित्रपटातला शेवटचा डाव खऱ्या पत्त्यांनी मांडा, पण तो चित्रपटातला आहे हे सांगू नका. टेबलावर बदाम एक्का, इस्पिक ८, इस्पिक ६, इस्पिक ४ आणि शेवटी इस्पिक एक्का. चौघांना हात वाटा: पहिल्याला इस्पिकचे राजा-राणी, दुसऱ्याला दोन अठ्ठ्या, तिसऱ्याला एक्का आणि छक्की, चौथ्याला इस्पिक ५ आणि ७. पहिल्याचा कलर, दुसऱ्याचं अठ्ठ्यांचं फुल हाउस, तिसऱ्याचं एक्क्यांचं, आणि चौथ्याचा ४ ते ८ असा एका रंगाचा सिक्वेन्स. प्रत्येक जण आपणच जिंकलो समजून सगळे चिंचोके पुढे ढकलतो. दुसऱ्या दिवशी पडद्यावर तोच डाव ओळखीचा निघाला की हॉलमध्ये जी कुजबुज होते, ती होऊ द्या.

पैशांचा मेळही सांगा. दहा खेळाडू, प्रत्येकी एक कोटी डॉलर, हरल्यावर आणखी पन्नास लाख घालून एकदाच परत येता येतं. शेवटी टेबलावर साडेअकरा कोटी असतात. म्हणजे तिघांनी पुन्हा पैसे घातले. फळ्यावर हा हिशेब मुलांकडून करून घ्या. हा खेळ मांडणारा ल शिफ्र हा दहशतवाद्यांचा पैसा सांभाळणारा माणूस. मायामीचा विमानतळावरचा कट बाँडनं उधळल्यामुळे त्याचे दहा कोटींहून अधिक बुडाले आहेत, म्हणून तो खेळतोय. एवढं कळलं की त्याच्या कपाळावरचा घाम समजतो.

खेळ चालू असताना

मूळ चित्रपटात मध्यंतर नाही. आपल्याकडे चहाशिवाय भागत नाही, तेव्हा जागा नीट निवडा. साधारण तासाभरानं बहामाचा आणि मायामीचा भाग संपतो आणि व्हेस्पर आगगाडीत बाँडसमोर येऊन बसते. त्या प्रसंगाच्या आधी थांबा. पोकरच्या मध्ये मुळीच थांबू नका. तिथं चित्रपटानं स्वतःच दम खायच्या जागा ठेवल्या आहेत, आणि त्यातलीच एक सगळ्यात महत्त्वाची: जिन्यातल्या खुनानंतर व्हेस्पर कपड्यांसकट शॉवरखाली बसलेली असते आणि बाँड शेजारी जाऊन बसतो. तिथं कुणी खुर्ची सरकवली तरी प्रसंग मोडतो.

छळाचा प्रसंग येणार हे प्रास्ताविकातच सांगा. ज्याला बाहेर जायचंय त्यानं खुशाल जावं, दाराशी एक कार्यकर्ता टॉर्च घेऊन असेल. व्हेस्पर बुडाल्यानंतर पुष्कळांना चित्रपट संपला असं वाटतं आणि चपला शोधायची गडबड सुरू होते. दिवे लावणाऱ्याला बजावून ठेवा: कोमो सरोवराकाठचं घर, पायात गोळी लागलेला मिस्टर व्हाइट (ल शिफ्रच्या मागच्या संघटनेचा माणूस), नाव, धून, आणि त्यानंतर नामावली सुरू होऊन पूर्ण एक मिनिट होईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशीची चर्चा

हजेरीपत्रकं गोळा करून फळ्यावर एकच मोठा तक्ता करा. मतभेद निघतात, ते चांगलं. मग तीन जागा पुन्हा दाखवा, प्रत्येकी दोन-तीन मिनिटं.

मादागास्करमधला पाठलाग आधी आवाज बंद करून. पळणारा माणूस सेबास्टियाँ फुकाँ, फ्रीरनिंगच्या, म्हणजे भिंती-छपरांवरून धावण्या-उडण्याच्या खेळाच्या, मूळ खेळाडूंपैकी एक. तो भिंतीच्या वरच्या फटीतून मांजरासारखा निघून जातो. बाँड तीच भिंत फोडून येतो. एकही शब्द नाही आणि दोघांचे स्वभाव कळतात. मग विचारा, जुना बाँड ही भिंत कशी ओलांडला असता?

समुद्रातून बाहेर येणारा बाँड. १९६२मध्ये लाटांतून बाहेर आलेली उर्सुला अँड्रेस होती आणि पाहणारा बाँड होता. इथे पाहिला जाणारा तोच आहे. आधी १९६२चं छायाचित्र दाखवा, मग हा प्रसंग.

तिसरी जागा उलटणाऱ्या गाडीची. ‘हे कॉम्प्युटरवर केलंय’ असं कुणीतरी म्हणतंच. नाही. ऍस्टन मार्टिन डीबीएसचा गुरुत्वमध्य इतका खाली होता की नुसत्या रॅम्पवरून ती उलटेना. मग गाडीत हवेच्या दाबावर चालणारी तोफ बसवून तिला जमिनीवरून उचललं. सात पलट्या झाल्या, तेव्हाचा तो विश्वविक्रम ठरला. मागच्या चित्रपटातल्या संगणकी लाटेला दिलेलं हे उत्तर होतं.

हुशार विद्यार्थी एक प्रश्न विचारतो: सगळं नव्यानं सुरू झालं तर १९९५पासूनच्या जुडी डेंचच एम, म्हणजे बाँडच्या वरिष्ठ, म्हणून कशा? कथेच्या हिशेबानं ते जुळत नाही, आणि जुळवायचा खटाटोप करू नका. उद्धट नवशिक्याला वचकात ठेवायला त्यांच्याइतकं वजनदार माणूस हवं होतं, आणि प्रेक्षकाला धरायला एक ओळखीचा चेहरा. आमच्या मते ती निवड बरोबर होती. कॅसिनोचं, मॉन्टेनेग्रोतलं म्हणून दिसणारं गाव प्रत्यक्षात चेक प्रजासत्ताकातलं कार्लोव्ही व्हारी आहे, हेही इथेच सांगून टाका.

लेखनाचा सराव

एकांकिका लिहिणाऱ्या मुलांसाठी खरी कमाई इथे आहे. चार-चारचे गट करा. प्रत्येक गटानं सर्वांना पाठ असलेलं एक पात्र घ्यायचं, उदाहरणार्थ वगातला सोंगाड्या. त्याच्या आठ सवयी लिहायच्या: हजरजबाबीपणा, राजाची टिंगल, चालण्याची लकब, एखादं पालुपद. मग दोन सवयी कायमच्या काढायच्या. चार सवयी प्रसंगातून मिळवायच्या, आणि कुणाकडून मिळाली ते लिहायचं. एक सवय समोर आणून नाकारायची, बारवरच्या मार्टिनीसारखी. उरलेली एक शेवटच्या ओळीपर्यंत रोखून ठेवायची. दहा मिनिटांचा प्रसंग, दोन पानं.

दोन चुका हमखास होतात. पहिली, मुलं सगळ्याच सवयी काढून टाकतात, मग पात्र ओळखू येत नाही आणि कुणीही चाललं असतं असं वाटतं. दुसरी, रोखलेली सवय शेवटी येते खरी, पण ती येण्यासाठी पात्रानं काही गमावलेलं नसतं. बाँडला नाव मिळतं तेव्हा व्हेस्पर गेलेली असते. सोंगाड्यानं पहिला विनोद शेवटच्या ओळीत करायचा असेल, तर त्याच्या आधीच्या पानावर त्याचं हसू कशानं हिरावलं ते लिहिलेलं हवं. वाचन करताना गटाला एवढंच विचारा आणि ते पान पुन्हा लिहायला परत द्या.